वाचकांचे प्रश्न : रॉम बदललेला फोन देताना आणि घेताना

साधा, कंपनीतून आला तसाच असलेला फोन विकायचा असेल, तर पुसण्याचं काम दहा मिनिटांचं आहे. ज्यात कुणीतरी रॉम (फोनची पूर्ण प्रणाली) बदललाय, रूट केलंय (प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवलाय) किंवा बूटलोडर (फोन सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम; त्याचं कुलूप परकी प्रणाली अडवतं) उघडून ठेवलाय, त्या फोनचं तसं नाही. सातारा-सांगली भागातून याच विषयावर बरेच प्रश्न आले, म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. संगणकावर द्यायच्या आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. प्रत्यक्षात त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या.

प्रश्न (तासगाव) : रेडमीचा फोन तीन वर्षं द्राक्षबागेच्या हिशेबाला वापरला. मध्ये भाच्याने त्यात दुसरा रॉम टाकून दिला. आता विकायचा म्हणून सेटिंग्जमधून फॅक्टरी रीसेट केला. फोन कोरा दिसतो, पण सुरू होताना अजून उघड्या कुलपाचं चित्र येतं. व्यापाऱ्यांचे नंबर, बँकेचे मेसेज खरंच गेले का? आणि ते कुलूप बंद कसं करायचं?

उत्तर : हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमची माहिती गेली का, हा एक. आणि फोन मूळ स्थितीत आला का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. फॅक्टरी रीसेट फक्त 'युजरडेटा' हा कप्पा पुसतो. सिस्टम, बूट, रिकव्हरी (फोन दुरुस्तीची छोटी प्रणाली) या कप्प्यांना तो हात लावत नाही, आणि भाच्याने टाकलेला रॉम नेमका तिथेच बसलेला आहे. भाडेकरूचं सामान बाहेर काढलं, पण त्याने बसवलेलं दार तसंच राहिलं, असा हा प्रकार.

पहिल्याचं उत्तर एन्क्रिप्शनवर अवलंबून आहे. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या आणि त्यानंतरच्या सगळ्या फोनमध्ये प्रत्येक फाइल सांकेतिक रूपात साठवणं सक्तीचं आहे. ती उलगडणारी किल्ली प्रोसेसरच्या सुरक्षित भागाशी बांधलेली असते. रीसेट करताना ती किल्ली नष्ट होते, आणि मागे जे उरतं तो कुणालाही न वाचता येणारा चिखल असतो. म्हणूनच 'सात वेळा शून्य लिहून पुसा' हा जुन्या हार्डडिस्कचा सल्ला फोनला लागू नाही. फोनची मेमरी झीज सगळीकडे समान व्हावी म्हणून प्रत्येक वेळी वेगळ्या जागी लिहिते, त्यामुळे 'त्याच जागेवर पुन्हा लिहिलं' असं तिच्या बाबतीत होतच नाही.

गोम अशी की, रॉम बदलणारी मंडळी कधीकधी एन्क्रिप्शन मुद्दाम बंद करतात, म्हणजे रिकव्हरीतून फाइली सहज दिसाव्यात. तुमच्या फोनवर ते आहे का, हे सेटिंग्जमध्ये 'सुरक्षा' आणि मग 'एन्क्रिप्शन' इथे दिसतं. तिथे सापडलं नाही तर डेव्हलपर पर्यायांतून यूएसबी डीबगिंग चालू करा, फोन संगणकाला जोडा आणि 'एडीबी शेल गेटप्रॉप आरओ.क्रिप्टो.स्टेट' ही आज्ञा द्या. 'एन्क्रिप्टेड' आलं तर निर्धास्त राहा. 'अनएन्क्रिप्टेड' आलं तर पुढच्या प्रश्नाचं उत्तरही वाचा.

आता कुलपाचं, म्हणजे बूटलोडर पुन्हा बंद करण्याचं. यात क्रम चुकला तर फोनची वीट होते, म्हणजे तो चालूच होत नाही, म्हणून घाई नको. आधी कंपनीचा मूळ रॉम, मग तो नीट सुरू होतो याची खात्री, आणि कुलूप सगळ्यात शेवटी.

शाओमी-रेडमीसाठी रिकव्हरी रॉम नव्हे, फास्टबूट (संगणकावरून रॉम टाकण्यासाठीची फोनची अवस्था) रॉम लागतो. त्याची फाइल 'टीजीझेड' असते, ती दोनदा उलगडावी लागते. शेवटी आत 'इमेजेस' नावाचं फोल्डर आणि 'फ्लॅश ऑल' नावाच्या दोन-तीन फाइली दिसल्या पाहिजेत. हे फोल्डर सी ड्राइव्हवर अगदी वरच ठेवा. मार्गातल्या नावात मोकळी जागा असली तरी 'मी फ्लॅश' हे शाओमीचं रॉम टाकायचं साधन अडतं. रॉम तुमच्याच मॉडेलचा आणि तुमच्याच देशाचा हवा. आवृत्तीच्या नावात 'आयएनएक्सएम' असेल तर भारताचा, 'एमआयएक्सएम' म्हणजे ग्लोबल, 'सीएनएक्सएम' म्हणजे चीनचा. उघड्या कुलपावर दुसऱ्या देशाचा रॉमही चालून जातो. कुलूप लावलं की मात्र फोन सुरू व्हायलाच नकार देतो, आणि बंद कुलपावर तुम्हाला घरबसल्या दुसरा रॉमही टाकता येत नाही. सर्वांत नवी आवृत्ती घ्या. बऱ्याच मॉडेलमध्ये मागे जाण्याला बंदी असते आणि जुना रॉम टाकला तर फोन कायमचा मरू शकतो. 'फास्टबूट गेटव्हार अँटी' या आज्ञेने फोनचा या बंदीचा आकडा कळतो. रॉमचा आकडा त्याहून कमी असेल तर तो रॉम बाजूला ठेवा.

बॅटरी ६० टक्क्यांच्या वर असू द्या. फोन बंद करून आवाज कमी करायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबून धरा, फास्टबूट येईल. मी फ्लॅशच्या खिडकीत खाली उजवीकडे तीन पर्याय असतात आणि 'क्लीन ऑल अँड लॉक' हा आधीच निवडलेला असतो. हाच सापळा आहे. पहिल्या फेरीत तो बदलून नुसतं 'क्लीन ऑल' करा. शेवटी 'नॉट कॅच चेकपॉइंट' अशी लाल ओळ आली तर बिचकू नका. साधन 'लॉक' या शब्दाची वाट बघत असतं आणि तुम्ही तर लॉक सांगितलेलंच नाही. फोन सुरू होऊन पहिला पडदा दिसला की मॉडेल, आवाज, वायफाय, सिमला रेंज एवढं तपासा. सगळं जागेवर असेल तर त्याच रॉमने दुसरी फेरी, या वेळी 'क्लीन ऑल अँड लॉक'. कुलूप लागताना फोन पुन्हा पुसला जातो, म्हणजे ते कामही आपसूक होतं.

एक इशारा लाइटीचा. डेस्कटॉपवर करणार असाल तर यूपीएस हवा, नाहीतर सरळ लॅपटॉप घ्या. सिस्टमचा कप्पा लिहिताना लाइट गेली तर पुन्हा सुरुवात करता येते. बूटलोडरचाच कप्पा अर्धा लिहिलेला असताना गेली, तर फोन फास्टबूटमध्येही येत नाही.

प्रश्न (कराड) : फोनमध्ये टीडब्ल्यूआरपी ही बाहेरची रिकव्हरी आहे. तिच्यातून 'वाइप' केलं, नवा रॉम टाकला, तरी गॅलरीत जुने फोटो जसेच्या तसे! हे कसं?

उत्तर : टीडब्ल्यूआरपीचं साधं 'फॅक्टरी रीसेट' आणि 'ॲडव्हान्स्ड वाइप'मधला 'डेटा' हे दोन्ही ॲप आणि त्यांची माहिती पुसतात, पण अंतर्गत मेमरीतलं फोटो-व्हिडिओचं फोल्डर मुद्दाम वगळतात. रॉम सारखे बदलणाऱ्यांची ती सोय आहे. विकणाऱ्याच्या मात्र मुळावर येते. तुम्हाला हवं ते बटण 'फॉरमॅट डेटा' हे आहे. ते दाबलं की इंग्रजीत 'येस' टाइप करायला सांगतं. ज्या बटणाने असं काही विचारलं नाही, त्याने सगळं पुसलेलं नाही, एवढी खूण लक्षात ठेवा.

तुमचे जुने फोटो नव्या रॉममध्येही दिसले, त्याचं एक कारण एन्क्रिप्शन बंद असणं हे असू शकतं. तसं असेल तर 'फॉरमॅट डेटा'ही पुरेसं मानू नये. फॉरमॅटने यादी जाते. खालचा मजकूर गेला की नाही, हे त्या वेळी मेमरीला 'ही जागा मोकळी' असा निरोप गेला की नाही यावर ठरतं, आणि प्रत्येक रिकव्हरी तो पाठवेलच असं नाही. फाइल परत काढणारी फुकट साधनं कुणाच्याही लॅपटॉपवर चालतात.

अशा वेळी मूळ रॉम टाका, म्हणजे एन्क्रिप्शन परत चालू होईल. खातं न जोडता फोन सुरू करा, पिन लावा आणि मेमरी गच्च भरा. ६४ जीबीच्या फोनमध्ये साधारण ५० जीबी मोकळे असतात. संगणकावरून मोठे चित्रपट किंवा कसल्याही अवजड फाइली केबलने ओतल्या, तर सेकंदाला ३० एमबीच्या वेगाने अर्धा तास लागतो. केबल जुनी असेल तर पाऊण तास धरा. 'जागा संपली' असं फोन म्हणेपर्यंत भरा आणि मग सेटिंग्जमधून रीसेट करा. मेमरीचे थोडे राखीव ठोकळे यातूनही सुटतात, पण तिथपर्यंत पोचायला चिप काढून वाचणारी प्रयोगशाळा लागते. जुन्या फोनच्या गिऱ्हाइकाकडे ती नसते.

प्रश्न (सातारा) : ओळखीतून जुना फोन घेतला. मध्येच जाहिराती उघडतात, एक अनोळखी ॲप काढलं तरी परत येतं. दोनदा फॅक्टरी रीसेट करूनही तेच.

उत्तर : रीसेटने न जाणारं ॲप युजरडेटात नाहीच, ते सिस्टमच्या कप्प्यात बसलंय. २०१९मध्ये चर्चेत आलेलं एक्सहेल्पर हे असंच होतं. ते सिस्टम कप्प्यात स्वतःची प्रत लिहून ठेवायचं, त्यामुळे कितीही रीसेट केलं तरी उगवायचं. हरळी वरून कापण्यात अर्थ नसतो, तसंच हे.

फोनची खरी स्थिती अशी ओळखा. तो सुरू होताना उघडं कुलूप किंवा 'सॉफ्टवेअरची खात्री देता येत नाही' अशा अर्थाचा केशरी इशारा आला, तर बूटलोडर उघडा आहे. पिवळा इशारा म्हणजे कुलूप आहे, पण सॉफ्टवेअर कंपनीचं नाही. प्ले स्टोअर उघडून 'सेटिंग्ज', मग 'अबाउट' इथे खाली 'प्रमाणित' की 'अप्रमाणित' ते दिसतं. आता यात एक कच्चा दुवा आहे : रूट लपवणारी साधनं प्ले स्टोअरलाही फसवू शकतात. सुरू होतानाचा इशारा झाकणं त्यापेक्षा बरंच अवघड असतं, म्हणून फोन हातात घेतल्यावर आधी तो बंद करून पुन्हा चालू करून बघायचा. विकणाऱ्याने आधीच चालू करून हातात दिलेल्या फोनवर पैसे देऊ नका.

उपाय तोच, मूळ रॉम. तोपर्यंत त्या फोनवर यूपीआय, बँक आणि आधारशी जोडलेलं काहीही उघडू नका. आधीच उघडलं असेल तर पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्या फोनवरून बदला, याच फोनवरून नव्हे. ओटीपीचे मेसेज वाचणं हे अशा ॲपचं नेहमीचं काम आहे.

आणि फोन घेतानाच *#०६# दाबून येणारा १५ अंकी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बिलाशी आणि खोक्याशी ताडून बघायचा. 'केवायएम', मग मोकळी जागा, मग तो क्रमांक असा मेसेज १४४२२ला पाठवला की क्रमांक खरा आहे का आणि फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का, ते उत्तरात येतं. हीच सोय 'संचार साथी' पोर्टलवरही आहे.

प्रश्न (मिरज) : सॅमसंगवर मूळ रॉम परत टाकला, तरी डाउनलोड मोडमध्ये (सॅमसंगचा रॉम टाकायच्या पडद्यावर) 'वॉरंटी व्हॉइड'समोर १ दिसतो. तो शून्य कसा करायचा?

उत्तर : होत नाही. तो आकडा म्हणजे चिपमधला जाळलेला फ्यूज आहे. बाहेरचं सॉफ्टवेअर पहिल्यांदा टाकलं त्याच क्षणी तो कायमचा उडाला. सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगची पैशांची सेवा या फोनवर आता चालणार नाही. गुगलची तपासणी हा आकडा बघत नाही, त्यामुळे कुलूप नीट लावलं तर यूपीआयची ॲप सहसा चालतात. गिऱ्हाइकाला आधीच सांगा आणि भाव त्याप्रमाणे करा. शून्य करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

मूळ रॉम टाकताना ओडिन या संगणकावरच्या साधनात चौथ्या खान्यात 'सीएससी' फाइल घातली होती का, एवढं बघा. 'होम सीएससी' घातली असेल तर जुना डेटा तसाच आहे, कारण ती तो राखण्यासाठीच असते. पुन्हा करणार असाल तर एपी फाइल निवडल्यावर ओडिन एक-दोन मिनिटं गोठल्यासारखा होतो. तो फाइल तपासत असतो, बंद करू नका. बिल्ड क्रमांकात शेवटून पाचवं अक्षर हा बूटलोडरचा आकडा असतो, आणि फोनवर आहे त्यापेक्षा कमी आकड्याचा रॉम फोन घेत नाही. रॉम नीट सुरू झाला की फोन बंद करून आवाजाची दोन्ही बटणं धरून केबल जोडा. इशाऱ्याच्या पडद्यावर आवाज वाढवायचं बटण लांब दाबलं की कुलूप लावण्याचा पर्याय येतो.

प्रश्न (विटा) : कस्टम रॉमवर फोन छान चालत होता. मूळ रॉम टाकला तर पहिल्या मालकाचं गुगल खातं मागतोय. यातून बाहेर कसं यायचं?

उत्तर : अँड्रॉइड ५.१पासून आलेली ही चोरीविरोधी सोय आहे. खात्याची खूण वेगळ्या छोट्या कप्प्यात असते. गुगलच्या सेवा नसलेला रॉम तिच्याकडे बघतच नाही, म्हणून इतके दिवस कळलं नाही. मूळ रॉमने ती बघितली. पहिल्या मालकाने फोनवर एकदा आपलं खातं भरलं की दार उघडतं. मग सेटिंग्जमधून ते खातं काढायचं आणि तिथूनच रीसेट करायचा. आडवाटेच्या युक्त्या इथे देणार नाही, कारण त्या चोरालाही तितक्याच उपयोगी पडतात. मालक सापडत नसेल आणि बिलही नसेल, तर फोन मुळात कुणाचा होता हा प्रश्न आधी सोडवा.

विकणाऱ्यांनी यावरून घ्यायचं ते असं : रीसेट बटणं दाबून रिकव्हरीतून नको. आधी स्क्रीन लॉक काढा, मग गुगल खातं, मग शाओमी किंवा सॅमसंगचं खातं, आणि मग सेटिंग्जमधून रीसेट. शाओमीचं खातं गुगलपासून वेगळं आहे आणि ते स्वतंत्रपणे फोन अडवतं.

प्रश्न (कुपवाड) : मीडियाटेक चिपच्या फोनवर एसपी फ्लॅश टूल या संगणकावरच्या साधनाने रॉम टाकला. आता रेंज नाही आणि आयएमईआय रिकामा दिसतो.

उत्तर : 'फॉरमॅट ऑल अँड डाउनलोड' निवडलं असणार. त्याने एनव्हीरॅम हा कप्पाही जातो आणि आयएमईआय व रेडिओची जुळणी तिथेच असते. ही माहिती रॉममध्ये नसते, प्रत्येक फोनची वेगळी असते. म्हणून रॉम पुन्हा टाकून ती परत येत नाही. या साधनात कायम 'डाउनलोड ओन्ली' वापरायचं. आधी एनव्हीरॅमची प्रत काढून ठेवली असेल तर ती परत घाला, नसेल तर बिल घेऊन अधिकृत सेवा केंद्रात जा. कुठलातरी दुसरा क्रमांक घालून देणाऱ्याच्या नादी लागू नका. दूरसंचार कायदा २०२३नुसार अशा फेरफाराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड आहे. क्वालकॉम चिपच्या फोनवाल्यांनी याच कारणाने 'पर्सिस्ट' आणि 'ईएफएस' हे कप्पे हाताने पुसू नयेत. कोरी पाटी करण्याच्या हौसेत तेवढं मात्र हमखास होतं.

प्रश्न (पलूस) : फोनची स्क्रीन फुटलीय, काहीच दिसत नाही. भंगारात द्यायचाय, पण आत सगळं आहे. बूटलोडर उघडा आहे.

उत्तर : उघडं कुलूप इथे तुमच्या कामी येतं. बटणांनी अंदाजाने फास्टबूटमध्ये जा आणि संगणकावर 'फास्टबूट डिव्हायसेस' द्या. अनुक्रमांक दिसला म्हणजे फोन पोचला. मग 'फास्टबूट -डब्ल्यू' ही आज्ञा द्या, युजरडेटा पुसला जाईल. बंद कुलपाच्या फोनवर ही आज्ञा नाकारली जाते. तिथे स्क्रीन दिसत असेल आणि नुसता टच गेला असेल, तर ओटीजीला (फोनला माऊस जोडायच्या छोट्या केबलला) माऊस लावून सेटिंग्ज गाठता येतात. फोनमध्ये ड्रिलने भोक पाडायचा विचार असेल तर सोडा, बॅटरी पेटते.

प्रश्न (वाई) : पुसण्याआधी काय काय सांभाळायचं? आणि मेमरी कार्डाचं काय?

उत्तर : सिम आणि कार्ड आधी काढा. ई-सिम असेल तर रीसेट करताना ते पुसायचं का, असं फोन वेगळं विचारतो. नव्या फोनवर यूपीआय आणि व्हॉट्सॲप आधी चालू करून घ्या, म्हणजे जुन्यावरून ते आपोआप सुटतात. दोन टप्प्यांच्या पडताळणीचे आकडे देणारं ॲप असेल तर त्यातली खाती नव्या फोनवर हलवल्याशिवाय जुना पुसू नका, नाहीतर स्वतःच्याच खात्याबाहेर राहाल. ई-पीक पाहणीची नोंद अपलोड व्हायची राहिली असेल तर ती पूर्ण करा. कार्ड फोनबरोबर देऊच नका. ते बहुधा एन्क्रिप्ट केलेलं नसतं, फॉरमॅटने त्यातले फोटो जात नाहीत, आणि त्याची किंमत ती काय?

प्रश्न (फलटण) : आयफोन जेलब्रेक केलेला (ॲपलची बंधनं तोडलेला) आहे. हेच सगळं करावं लागेल का?

उत्तर : नाही. ॲपल खात्यातून बाहेर पडा, 'फाइंड माय' बंद झाल्याची खात्री करा. मग फोनमधून न पुसता संगणकाला जोडून रिकव्हरी मोडमध्ये न्या आणि 'अपडेट' नव्हे, 'रिस्टोअर' निवडा. सगळी प्रणाली ॲपलकडून नव्याने उतरते, जेलब्रेक राहत नाही. 'फाइंड माय' बंद करायला विसरलात तर नवा मालक विट्याच्या वाचकाच्या जागी जाऊन बसेल.